मिरचीच्या पथारीवरचे थ्रेड

नंदुरबारच्या मिरचीची ओळख मी करून द्यायला नको. हंगामात धानोऱ्याच्या रस्त्याला लागलात की डोळे मिटून घ्या, पथारी कुठून सुरू झाली ते नाक सांगेल. एका पाहुण्याला आमच्या फाट्यावर शिंक सुरू झाली ती गुजरातची हद्द ओलांडून गेल्यावरच थांबली. तिकडच्या लोकांना वाटलं मराठीत नमस्कार असाच करतात. हे मी पाहिलेलं नाही, पण शिंकणारा माझाच मेहुणा होता, म्हणून खात्रीनं सांगतो.

पथारी म्हणजे मोकळं रान. त्यावर ओली लाल मिरची लांबच लांब पट्ट्यांनी पसरायची आणि उन्हात वाळू द्यायची. आमच्या आबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची, अशी पथारी आहे. आम्ही राहतो कोरीटला, पण हंगामात आबांचा मुक्काम पथारीवरच्या पत्र्याच्या खोलीत. वाळत्या मिरचीला जगात एकाच गोष्टीचं वावडं, पाणी. नुसता शिंतोडा आला तरी ती काळी पडते, मग व्यापारी तिच्याकडे बघतो ते मयताला आल्यासारखं. म्हणून आभाळ भरलं की ताडपत्र्या ओढायच्या. आभाळावर लक्ष ठेवायचं काम आबांच्या मानेकडे होतं. इतकी वर्षं वर बघून ती मान अशी झाली होती की आबा समोरच्याशी बोलत असले तरी समोरच्याला वाटायचं, आपल्या मागच्या झाडाशी बोलतायत.

मी कंप्युटरचं शिकलेला. नोकरी लागेपर्यंत घरी होतो, आणि नोकरी लागत नव्हती. म्हणून मीच म्हटलं, आबा, हे राखणीचं काम मी मशीनकडून करून घेतो.

आबांनी मान होती तशीच ठेवून ऐकलं.

“लाव तुन्हं मशीन,” ते म्हणाले. “पन एक पट्टा जरी भिजना ना, तर तुले सुरतले धाडसू. मामाना दुकानमा साड्यासन्या घड्या करत बैस.”

ही धमकी साधी नव्हती. मामांचं साड्यांचं दुकान खरंच आहे, मामांनी माणूस खरंच मागितला होता, आणि मामा दिवसाआड फोन करून विचारत होते, पोरगा कधी धाडता. माझा एक मावसभाऊ तिथं काम करून परत आला तेव्हा जेवताना पोळीची घडी घालायचा, उलगडून सगळ्यांना काठ दाखवायचा, पुन्हा घडी घालायचा आणि ताटात ठेवायचा. पोळी खायची असते हे त्याला पुन्हा शिकवावं लागलं. मला तिकडे जायचं नव्हतं. बस, एवढ्यासाठी मी जावा शिकलो तसा कुणी शिकला नसेल.

कॉलेजात जावा ही भाषा होतीच, पण तेव्हा ती पेपरापुरती होती. आता पत्र्याच्या खोलीत जुना लॅपटॉप मांडून मी इंटरनेटवरचे धडे लावले. या भाषेत सगळं वस्तूंच्या रूपात मांडायचं असतं. वस्तूला काय ठाऊक आहे आणि ती काय काय करू शकते, एवढं लिहिलं की झालं. मी तीन प्रकारच्या वस्तू केल्या. पहिली ‘नाक’: हवेतली ओल मोजणारी यंत्रं पथारीच्या कोपऱ्यांवर लावली होती, ती वाचणारी. दुसरी ‘भोंगा’: ओल वाढली की बॅटरीवरचा भोंगा वाजवणारी, धोका टळेपर्यंत. तिसरी ‘निरोप्या’: ताडपत्री ओढणाऱ्या टोळ्यांच्या प्रमुखांना फोन लावणारी. फोनवरचा आवाज मी मोठ्या मायचा, म्हणजे आबांच्या बायकोचा, भरून घेतला होता, कारण तिचा आवाज ऐकून बसून राहिलेला माणूस आमच्या तालुक्यात तरी जन्माला आलेला नाही.

तिन्ही कामं एकाच वेळी चालायला हवीत. नाकानं वास घेत राहायचं, भोंग्यानं ओरडत राहायचं, निरोप्यानं फोन करत राहायचं. पुस्तकात यासाठी थ्रेड सांगितला होता. थ्रेड म्हणजे दोरा, असं कॉलेजात सरांनी सांगून फळा पुसला होता, तेवढंच माझं भांडवल. धड्यात होतं, थ्रेडचं काम रन या नावाखाली लिहा. मी लिहिलं. रन म्हणजे पळ. तिघांचं रन लिहिलं, आणि खाली, मुख्य प्रोग्रॅमला पहिली ओल दिसली की एकेकाला हुकूम सोडायचा, असं लिहिलं: भोंग्या पळ, निरोप्या पळ, नाका पळ. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला याहून सरळ काय दिसणार?

आबांना बोलावलं. टोळ्यांची मुकादमीणही आली, एक टोळी ती स्वतःच चालवायची. ती सातपुड्यातली, धडगावच्या वरची. तिच्या बायकांशी पावरीत बोलायची आणि आमच्याशी अहिराणीत, आणि दोन्हीत तिच्यासमोर टिकणं अवघड. मी ओलं फडकं यंत्रावर धरलं.

भोंगा वाजला. कसा वाजला! तापीपलीकडच्या शहाद्यात लोकांनी घड्याळं लावली. धानोऱ्याला एका वरातीतला घोडा नवरदेवाला घेऊन मागे फिरला आणि मुलीकडच्यांना वाटलं, हुंड्यावरून रुसला. पथारीवरच्या बायकांनी कानांत पदर कोंबले.

आणि फोन? एकाचाही वाजला नाही.

“भोंगा वाजना,” आबा ओरडले. “मंग?”

“आते फोन येई, आबा.”

“कव्हय? मिरची भिजनी का मंग?”

मुकादमीण स्वतःचा फोन कानाला लावून उभी होती, रिकामाच. “हा,” ती फोनात म्हणाली, “मशीन बोली ऱ्हायनी. म्हनस, मी गाना म्हनस, तुम्ही काम करा.”

सगळ्या बायका हसल्या. मी बॅटरीची तार काढली. आबांनी खिशातून फोन काढला, मामांचा नंबर शोधला, माझ्याकडे बघितलं आणि फोन परत ठेवला. तेवढं पुरे होतं.

मी प्रोग्रॅम उघडून बसलो. चूक दिसेना. तिघांना पळ म्हटलंय, पहिला पळतोय, बाकीचे जागेवर. मग बाहेर काय चाललंय तिकडे लक्ष गेलं. पश्चिमेला उगाच एक ढग आला होता आणि आबा नेहमीसारखे एका गड्याला ओरडत होते, “पय रे, ताडपत्री आन!” आणि तो गडी “हां आबा” म्हणेस्तोवर आबा स्वतःच धोतर आवरून पळालेले. आबांची ही जुनी सवय. पळ म्हणायचं दुसऱ्याला आणि पळायचं आपण. ताडपत्री आणणार आबा, ओढणार आबा, दगड ठेवणार आबा, आणि तोपर्यंत पुढच्या माणसाला काही सांगायला आबा मोकळेच नाहीत. गडी उभा राहून कौतुकानं बघतो.

माझ्या प्रोग्रॅमनं हेच केलं होतं. रन म्हणून हाक मारली की कुणी नवीन उठत नाही. ज्यानं हाक मारली तोच ते काम करायला जातो, आणि काम संपेपर्यंत परत येत नाही. मुख्य प्रोग्रॅम, म्हणजे तिथले आबा, स्वतःच भोंगा वाजवायला गेले होते. भोंगा तर धोका टळेपर्यंत वाजणार, म्हणजे निरोप्याला हाक मारायची ओळ आलीच नाही. आणि धोका टळला की नाही हे सांगणारं नाक त्याच्याही मागे रांगेत उभं. तसा तो भोंगा प्रलयापर्यंत वाजला असता.

हवा होता दुसरा शब्द, स्टार्ट. मुकादमीण तो शब्द दिवसभर वापरायची: “लाग!” एकीला लाग म्हटलं की ती कशी लागली हे बघायला थांबत नाही, तोंड पुढचीकडे वळलेलं. स्टार्ट म्हणजे लाग. तो म्हटला की जावा एक नवा थ्रेड उभा करते, तो आपणहून रन करायला घेतो, आणि सांगणारा पुढच्या ओळीवर मोकळा. पळ लिहायचं असतंच, पण म्हणायचं असतं लाग. एवढ्या एका शब्दासाठी माझी सुरतची गाडी सुटायला आली होती.

तीन ठिकाणी शब्द बदलला. आता भोंगा, फोन, नाक सगळं एकदम. पडद्यावर तिघांच्या ओळी अशा मिसळून यायला लागल्या जशा बाजारात तीन भाजीवाल्यांच्या हाका. कधी फोन आधी, कधी भोंगा आधी. कोण आधी हे मी ठरवत नव्हतो. ते मशीन ठरवतं, आणि दर वेळी वेगळं ठरवतं.

यात मला एक गोष्ट नीट समजली, ती सरांच्या दोऱ्यात नव्हती. दोन वेगळे प्रोग्रॅम चालवणं म्हणजे दोन वेगळी बिऱ्हाडं. ह्याची चूल वेगळी, त्याची वेगळी, एकाचं मीठ दुसऱ्याला दिसत नाही. नवं बिऱ्हाड मांडायला वेळही लागतो आणि सामानही. थ्रेड म्हणजे त्याच बिऱ्हाडातला आणखी एक माणूस. ताट वेगळं, चूल तीच. म्हणून तो हलका, झटकन उभा राहतो. जावाच्या नव्या आवृत्तीत तर त्याहून हलके थ्रेड आहेत. ते इतके हलके की मी गंमत म्हणून मिरचीगणिक एक उभा करून पाहिला. लॅपटॉपला घामही आला नाही. एका मिरचीला मात्र आपल्या मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून ती लवकर वाळली. आबांना हे सांगितलं नाही, त्यांनी सगळ्यांसाठी मागितलं असतं.

पण चूल तीच म्हटली की भांडण तिथंच.

दुसऱ्या तालमीला मी हौसेनं टोळीगणिक एक निरोप्या थ्रेड केला. पट्टे जास्त, टोळ्या कमी. म्हणून बेत असा की फोनवर मोठी माय पट्ट्याचा नंबर सांगणार, तो झाकून झाला की टोळीच्या प्रमुखानं फोनवर एकचं बटण दाबायचं, की पुढचा उघडा पट्टा त्याला मिळणार. ‘पुढचा पट्टा’ हा आकडा एकाच ठिकाणी ठेवलेला, सगळे थ्रेड तिथून वाचणार आणि वाचला की एकनं वाढवणार. खोलीत बसून मी हे करून बघितलं. चोख. पुन्हा केलं. चोख. मग आबांना बोलावलं.

भोंगा वाजला, फोन वाजले, मोठी माय गरजली. टोळ्या धावल्या. पहिले पट्टे झाकले गेले. मी आबांकडे मान ताठ करून बघितलं. मग विहिरीकडून आरडाओरडा. जाऊन बघतो तर एकाच पट्ट्याच्या दोन टोकांना दोन टोळ्या, प्रत्येकीची ताडपत्री अर्धी पसरलेली, आणि मधोमध मुकादमीण कमरेवर हात देऊन.

“हाऊ पट्टा मन्हा शे,” ती दुसऱ्या टोळीच्या प्रमुखाला सांगत होती. “मन्हा कानमा बाई बोलनी.”

“मन्हा कानमा बी तीच बोलनी!”

“तुन्हा कान धुई ये.”

तिकडे शेजारचा पट्टा उन्हात उघडा, जणू लग्नात कुणी विचारपूस न केलेला व्याही. कुणालाच तो सांगितला गेला नव्हता.

आबांनी त्या पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हाऊ भिजना,” ते म्हणाले.

“आबा, पानी नही पडी ऱ्हायनं. तालीम शे.”

“मी बी तालीमच करी ऱ्हायनू,” आबा म्हणाले. “मामाले काय सांगानं, तेन्ही.”

खोलीत शंभरदा चोख चालणारी गोष्ट आबांसमोर का फसावी? मी यंत्राला शिव्या देऊन पाहिल्या, अहिराणीत आणि इंग्रजीत. नंतर लक्षात आलं. खोलीत फोनवर एक दाबणारा मी एकटाच होतो. पथारीवर दोन टोळ्यांनी एकाच क्षणी एक दाबलं. एका थ्रेडनं आकडा वाचला, तो वाढवणार तेवढ्यात दुसऱ्यानंही तोच वाचला. दोघांना तोच पट्टा मिळाला. मग दोघांनी आकडा एकेकानं वाढवला, म्हणजे तो दोनानं पुढे गेला. माझ्या लिहिण्यात एक पट्टा दुप्पट आणि शेजारचा बेवारस व्हायला एवढं पुरलं. वाचणं आणि वाढवणं ही मला एक गोष्ट वाटत होती, मशीनला ती दोन होती, आणि त्या दोन्हींच्या फटीतून सुरतचा रस्ता जात होता.

पुस्तकात यावर उपाय होता, कुलूप. ज्याच्या हातात कुलूप तोच आत, बाकीचे बाहेर. पण कुलपाचं मला पटेना, कुलूप लावून माणूस बाहेर जातो, आत नव्हे. मला समजलं ते पथारीवरच्या टमरेलावरून. खोलीमागे एकच टमरेल होतं. ज्याच्या हातात टमरेल तो शेताकडे गेला. बाकीच्यांनी कितीही तातडी असली तरी बांधावर उभं राहायचं, आणि तो परत येऊन टमरेल ठेवेल तेव्हा पुढच्यानं उचलायचं. यात कुणी कुणाला समजावत नाही, टमरेल जागेवर नाही हेच पुरतं. मी प्रोग्रॅममध्ये त्या वस्तूचं नावच टमरेल ठेवलं. जावाला नाव देवनागरीत चालतं, आणि अर्थ ती विचारत नाही.

पहिल्या झटक्यात मी उत्साहात चुकलो. थ्रेडनं टमरेल उचलायचं, आकडा घ्यायचा, वाढवायचा, फोन लावायचा, मोठ्या मायचं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबायचं आणि मग टमरेल ठेवायचं, असं लिहिलं. पट्टे बरोबर वाटले गेले, पण एकेक करत. मोठ्या मायचं बोलणं कसं असतं हे आमच्या घरात येणारा-जाणारा जाणतो. ती फोनवर पट्ट्याच्या नंबराआधी खुशाली विचारत होती, ते कापायचं माझ्याकडून राहिलं होतं. बाकीचे थ्रेड बांधावर पाय आवळून उभे. तेव्हा टमरेल किती वेळ हातात ठेवायचं हे समजलं. आकडा घेतला, वाढवला, टमरेल ठेवलं. फोनवर गप्पा मारायच्या त्या टमरेल सोडून मारा. खुशालीही कापली. मोठी माय अजून त्यावरून माझ्याशी तुटक बोलते.

मग खरं आभाळ आलं.

दुपारची वेळ. ऊन होतं तसंच होतं, आणि नवापूरच्या बाजूनं काळं असं आलं की एका बकरीनं रात्र झाली समजून रवंथ सुरू केला. आबांची मान त्या दिवशी नेमकी खाली होती, जेवायला बसले होते. नाकाला ओल लागली. भोंगा सुटला. आबांच्या हातातली भाकरी उडाली ती अजून सापडलेली नाही.

मी लॅपटॉपसमोर बसलो आणि हात मांडीखाली दाबून ठेवले, उगाच काही बडवायला नको म्हणून. पडद्यावर ओळी धावत होत्या. पहिली टोळी, पट्टा एक. तिसरी टोळी, पट्टा दोन. दुसरी, तीन. बाहेर आबा सवयीनं “पय रे!” ओरडले आणि स्वतः पळायला निघाले, तर त्यांच्यापुढून गडी पळत गेला, कारण त्याच्या कानात मोठी माय होती. आबा थांबले. त्यांना करायला काही उरलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा बघितलं. धोतराचा सोगा हातात, आणि जायला जागा नाही.

मुकादमीण पट्ट्यावर ताडपत्री ओढत होती. शेजारून दुसरी टोळी निघाली. दोन्ही फोनांवर एकदमच एक दाबलं गेलं. मला पडद्यावर दोन थ्रेड एकाच ओळीवर आलेले दिसले. एकाला टमरेल मिळालं. दुसरा थांबला, पापणी लवण्याइतका. मग त्याला पुढचा आकडा. मुकादमीण विहिरीकडे, दुसरी टोळी बांधाकडे.

“ए!” ती धावता धावता त्या टोळीच्या प्रमुखाला ओरडली, “आज कान धोयात वाटस!”

पाऊस आला तेव्हा ताडपत्र्यांवरच आला. टपटप, मग धबधब, मग पत्र्यावर असा की खोलीत एकमेकांचे ओठ हलताना दिसावेत. आबा भिजत पथारीभर फिरले. प्रत्येक ताडपत्रीची कड उचलून आत हात घालून मिरची चाचपली. मी दारातून बघत होतो. शेवटच्या पट्ट्यापाशी ते जास्त वेळ बसले. मग उठले.

पाऊस थांबला. ऊन आलं. नाकानं धोका टळल्याचं लिहिलं. भोंगा वाजतच होता.

बायका हात करून सांगत होत्या, बंद कर. बंद करायची खूण प्रोग्रॅममध्ये लागलेली मला दिसत होती. पण ती खूण नाकाच्या थ्रेडनं लावलेली. भोंग्याच्या थ्रेडनं सुरुवातीलाच आपल्यापुरती खूण बघून ठेवली होती आणि तेच मनात धरून तो ओरडत बसला होता, फिरून ताजी बघायला तयार नाही. ती खूण दर वेळी नव्यानं वाच असं बजावून सांगणारा एक शब्द असतो, व्होलाटाइल, तो मी लिहिला नव्हता. तालमीत दर वेळी तार काढूनच भोंगा थांबवला होता, म्हणून हे कळलं नव्हतं.

आबा निथळत दारात आले. भोंग्याखाली उभे राहिले. माझ्याकडे न बघता फोन काढला आणि लावला.

“मामा!” ते ओरडले. “पोऱ्या येत नही आते! तठे दुसरा दखी ल्या!”

पलीकडून मामा काहीतरी ओरडले.

“नही, मयत नही व्हयनं!” आबा म्हणाले. “मिरची कोल्ली शे! कोल्ली! कोरडी! पोऱ्या अठेच ऱ्हाई!”

मामांना काही ऐकू जात नव्हतं. आबांनी फोन छातीशी धरला, भोंग्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी उठलो आणि बॅटरीची तार उपटली. पथारीवर एकदम इतकं शांत झालं की ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी ऐकू यायला लागलं.

“आते सांगस,” आबा म्हणाले, आणि सगळं पहिल्यापासून, तेवढ्याच मोठ्यानं, मामांना पुन्हा सांगितलं.